तीन पायांचा विमा

देवळीच्या जनावरांच्या दवाखान्यात त्या सकाळी रांगेत एक गाय होती, दोन बकऱ्या होत्या आणि पौर्णिमा होती. गाय शांत उभी होती. बकऱ्या एकमेकींचे दोर चघळत होत्या. पौर्णिमा मात्र दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होती, कारण तिला बसस्टँडजवळचं आपलं मेडिकल उघडायचं होतं आणि खोकला झालेली माणसं वाट बघत नाहीत.

पहाटे हस्ताची एक सर येऊन गेली होती. पत्र्यावरून अजून थेंब ओघळत होते आणि तिच्या पायाशी बसलेला सिरप त्यातला प्रत्येक थेंब हवेतच पकडायचा प्रयत्न करत होता. सिरप म्हणजे तिचा कुत्रा. जात देशी, रंग खोकल्याच्या औषधाचा. मेडिकलवालीने ठेवलेलं नाव आणखी काय असणार!

"कायले आणलं कुत्र्याले?" गाईवाल्या प्रेमदासने विचारलं.

"विमा काढायचा आहे त्याचा. डॉक्टरचं सर्टिफिकेट लागते."

प्रेमदास चाट पडला. गाईच्या कानातला पिवळा बिल्ला दाखवत तो म्हणाला, "मंग याच्याही कानात बिल्ला मारतीन. आमच्या गाईले मारला. दुखते थोडसं, पण मेली तर दावा भेटते."

"हा मरायचा विमा नाही काका, जगायचा आहे. आजारी पडला, पाय मोडला, तर दवाखान्याचा खर्च भेटते. अन् बिल्ला-बिल्ला काही मारत नाही."

"अरे वा! असा तं माहाही नाई," प्रेमदास म्हणाला आणि सिरपकडे जरा आदराने पाहू लागला.

तेवढ्यात फाटकातून एक मोटारसायकल चिखल उडवत आत आली. गाडीवरचा तरुण उंच होता, अर्धा भिजलेला होता, शर्टाच्या खिशात टेस्टर खोचलेला होता आणि चेहरा सगळं जग बुडाल्यासारखा होता. हातात लसीकरणाचं कार्ड, पण सोबत जनावर मात्र नाही.

"डॉक्टरसाहेब!" त्याने दारातूनच हाक मारली. "माहा कुत्रा हरपला! आज इंजेक्शनले आणायचा होता अन् सकाळपासून..."

सिरपने दोर हिसकला आणि थेट त्याच्या छातीवर झेप घेतली.

"फ्यूज! लेका, इथं बसला काय तू? अख्खी देवळी पालथी घालून राह्यलो मी!"

पौर्णिमा उठली. ती उठली की मेडिकलच्या काउंटरपलीकडची माणसं आपोआप सरळ उभी राहत, हा देवळीचा अनुभव होता.

"ओ भाऊ, सोडा त्याला. तो माझा कुत्रा आहे."

"तुमचा? मॅडम, हा सहा म्हयन्यांपासून माह्या वरांड्यात झोपते."

"अन् सहा महिन्यांपासून माझ्या काउंटरखाली झोपते. सिरप, इकडे ये."

सिरप शेपटी हलवत तिच्याकडे आला.

"फ्यूज!"

फ्यूज शेपटी हलवत त्याच्याकडे गेला.

"सिरप? कुत्र्याचं नाव सिरप?" तरुणाने विचारलं.

"अन् फ्यूज लय चांगलं आहे ना? कोणता मुहूर्त पाहून ठेवलं होतं?"

"धावता धावता एकदम आडवा होते अन् झोपते. फ्यूज उडाल्यासारखा. मी वीज कंपनीत ज्युनिअर इंजिनिअर आहे, धम्मदीप. मले सुचलं ते ठेवलं."

"असं! म्हणजे आमच्या भागातली लाईट रोज दुपारी जाते ती तुमच्यामुळे."

प्रेमदास खो-खो हसला. धम्मदीपही हसला, आणि पौर्णिमेच्या लक्षात आलं की हा माणूस चिडायच्या जागी हसतो. तिला ते आवडलं, पण तिने तसं दाखवलं नाही.

गोंधळ ऐकून डॉक्टर ओमप्रकाश बाहेर आले. त्यांनी दोघांची कार्डं मागून घेतली, शेजारी शेजारी धरली आणि चष्मा वर केला. एकाच कुत्र्याला देवळीत एकदा आणि वर्ध्याच्या खाजगी डॉक्टरकडे एकदा अशी तीच लस दोनदा टोचलेली होती. जंताची गोळीही दोनदा.

"याला काही होत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण दोन घरचा पाहुणचार खाऊन वर तुम्हा दोघाले येडं बनवलं यानं."

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. पौर्णिमा दुकान उघडे तेव्हा हजर होणारा सिरप रात्री भटकायला जातो असं ती समजत होती. संध्याकाळी दारात येणारा फ्यूज दिवसभर भटकून येतो असं धम्मदीप समजत होता. दोघंही वर्ध्याहून गोरसपाकाची बिस्किटं आणून त्याला गुपचूप खाऊ घालत होते. आणि त्याच्या गळ्यातले पट्टे?

"ते निळे पट्टे तुमचे होते?" धम्मदीपने डोक्याला हात लावला. "मले वाटलं कोणी टवाळ पोट्टे माह्या कुत्र्याच्या गळ्यात काहीबाही बांधून राह्यले. मी रोज संध्याकाळी सोडत होतो!"

"अन् मी रोज सकाळी नवीन बांधत होती! माझ्या पट्ट्यांचा चोर शोधायला मी पोलिसात जायच्या बेतात होती, माहीत आहे?"

"मंग भेटला ना चोर," तो म्हणाला. "आता काय शिक्षा?"

तिने सिरपचा दोर पुन्हा हातात घेतला. पण ओठाच्या कोपऱ्यातलं हसू मात्र पुरतं लपलं नाही.

डॉक्टरांनी सर्टिफिकेट लिहायला घेतलं. कुत्रा धडधाकट, वय साधारण दीड वर्ष. "मालकाचं नाव काय टाकू?"

"पौर्णिमा."

"धम्मदीप."

दोन्ही नावं एकाच क्षणी आली. डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. "एका कुत्र्याचं एक सर्टिफिकेट अन् एक मालक. ठरवून या."

ठरवायचं म्हणजे भेटायचं. भेटायचं म्हणजे तिच्या मेडिकलमध्ये, कारण ती दुकान सोडून कुठे जाणार नव्हती. अशा रीतीने त्याच संध्याकाळी धम्मदीप ड्युटी संपवून काउंटरसमोरच्या लाकडी स्टुलावर येऊन बसला. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही, आणि पुढेही.

विमा काढायचाच हे पौर्णिमेने कुणाच्या सांगण्यावरून ठरवलं नव्हतं. ती कॉलेजात असताना घरी राणी नावाची कुत्री होती. एका दिवाळीत बैलगाडीखाली तिचा पाय मोडला. नागपूरला नेलं तर पायात प्लेट बसवतील, असं कुणीतरी सांगितलं होतं. पौर्णिमा हट्टाला पेटली. पण तिचे बाबा, रामाजी, म्हणाले, "कुत्र्यापायी कोणी नागपूरले जाते काय माय?" आणि अंगणात बसलेल्या सगळ्या मोठ्या माणसांनी माना हलवल्या. कोणी दुष्ट नव्हतं. राणीला बाजरीची भाकर कुस्करून दिली, हळद लावली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. थोड्या दिवसांनी राणी गेली. तिचं काय करायचं ते आपल्याला ठरवता आलं नाही, हे पौर्णिमेच्या मनात खोल रुतून बसलं. पुन्हा कधी जनावर आलं तर त्याचं काय करायचं ते मी ठरवीन, कागदावर माझं नाव असेल आणि कोणापुढे हात पसरावा लागणार नाही, एवढं तिने तेव्हाच पक्कं केलं होतं.

म्हणून मालकाच्या रकान्यात तिला स्वतःचंच नाव हवं होतं. हे धम्मदीपला तिने सांगितलं नाही. नुसतं "माझंच नाव" एवढंच सांगितलं, आणि तोही गिरडकडचा माणूस, टेकडीच्या पायथ्याचा. सहज हलणारा नव्हता.

तीन कंपन्यांची माहितीपत्रकं काउंटरवर मांडलेली असत. मधूनच गिऱ्हाईक येई, पौर्णिमा गोळ्या देई, "जेवल्यावर घ्या, उपाशीपोटी नाही" असं बजावी आणि पुन्हा विम्यावर येई.

"ही पहिली कंपनी फक्त ऑपरेशनचे पैसे देते," ती म्हणे. "ताप, गोचीड, उलट्या, काहीच नाही. आमच्याकडं पावसाळ्यात गोचीडताप घरोघरी. ही कटाप."

"पण हिच्यात तो भाग आहे ना, कुत्र्यानं कोणाले चावलं तर भरपाई कंपनी देते? तो पाह्यजेच."

"सिरप कोणाला चावत नाही."

"तुमचा सिरप चावत नसन. माहा फ्यूज आमच्या मीटर रीडरच्या पाठीमागं पळते. खात्यात माही काय इज्जत राह्यली असन, विचार करा."

ती हसली की धम्मदीप बोलायचं थांबून तिच्याकडे बघायचा, आणि तिचं हसून संपलं तरी बघतच राहायचा. दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा पौर्णिमेने सरळ विचारलं, "काय पाहून राह्यले?"

"काही नाई. दुसऱ्या कंपनीचं पत्रक... तुमच्या हाताखाली आहे."

तिने हात उचलला नाही. "मागून घ्या की. लाजता काय?"

दुसरी कंपनी हरवलेल्या कुत्र्याच्या जाहिरातीचाही खर्च देत होती, पण देशी कुत्रा म्हटलं की तिच्या अटी वाढत. तिसरीचं बरंच पटण्यासारखं होतं, फक्त पॉलिसी घेतल्यावर सुरुवातीचे काही आठवडे आजाराचा दावा करता येत नव्हता.

"हा प्रतीक्षा काळ काऊन ठेवते हे लोक?" धम्मदीपने एकदा विचारलं.

"आधीपासून आजारी असलेलं जनावर कोणी गपचूप आणून टाकू नये म्हणून. थोडे दिवस पाहतात खरंच तंदुरुस्त आहे काय."

"बरोबर आहे. माणसालेही असंच पाहायले पाह्यजे. रोज संध्याकाळी येते, बसते, काही गडबड करत नाई... मंग एक दिवस भरोसा बसते."

"माणसाचं काय, पहिल्याच दिवशी पट्टे चोरताना सापडते."

"तो आजार जुना होता मॅडम. मी लपवला नाई."

बाहेर एसटी लागत होती, कंडक्टरची घंटी वाजत होती. पौर्णिमा गोळ्यांच्या पाकिटावर 'सकाळ-संध्याकाळ' लिहिताना उगाच दोनदा 'संध्याकाळ' लिहून बसली. गोळ्या घ्यायला आलेल्या आजीबाईंनी ते पाकीट तसंच नेलं आणि पुढचे काही दिवस त्या भलत्याच टुणटुणीत झाल्या, पण ते असो.

एव्हाना पॉलिसी कुठली हे ठरलंच होतं म्हणा. तिसरी. अडलं होतं फक्त मालकाच्या नावावर. नाणं उडवायची सूचना आली, ती पौर्णिमेने फेटाळली. दिवसाची मालकी तिची, रात्रीची त्याची असं वाटून घ्यायचं ठरलं, तर कंपनीच्या हेल्पलाईनवरची मुलगी फोनवरच हसत सुटली. खरं सांगायचं तर दोघांनाही घाई नव्हती. नाव ठरलं की अर्ज जाणार आणि अर्ज गेला की संध्याकाळी त्या स्टुलावर बसायला निमित्त उरणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. दोघंही उजळ माथ्याने भांडत राहिले.

अशात कापूस आला. रस्त्याच्या कडेने बाभळीला गाड्यांतून उडालेले पांढरे पुंजके लटकू लागले, जिनिंग मिलकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांची रांग बसस्टँडपर्यंत पोचली. एका दुपारी चहाला थांबलेली कापसाची ट्रॉली मागे घेताना ड्रायव्हरला खालच्या सावलीत झोपलेला कुत्रा दिसला नाही.

ती किंकाळी पौर्णिमेने काउंटरवरून ऐकली. हातातली बाटली टाकून ती धावली. सिरपचा मागचा डावा पाय भलत्याच दिशेला वळला होता आणि तो तिच्याकडे बघत होता, ओरडणंसुद्धा थांबवून. तिने ओढणीत त्याला गुंडाळलं. कुणीतरी धम्मदीपला फोन केला. तो दवाखान्यात पोचला तेव्हा डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून बघत होते आणि खोलीत बारा-पंधरा माणसं जमली होती. तिचे बाबाही आले होते.

"मांडीचं हाड दोन जागी गेलं," डॉक्टर म्हणाले. "इथं मी बांधून देईन, पण पाय कामाचा राहणार नाही. प्लेट टाकायची तर नागपूर."

झालं! जमलेल्या प्रत्येकाला मत होतं. "कुत्र्याच्या पायात कायची प्लेट?" "तीन पायांवरही जगते कुत्रं." "देशीच तं आहे, दुसरं भेटते." रामाजी कोपऱ्यात टोपी हातात घेऊन उभे होते, ते हळूच म्हणाले, "नागपूर लय दूर आहे माय..."

पौर्णिमेचे ओठ हलले, पण आवाज निघेना. जणू अंगण तेच, माणसं तीच, माना हलवण्याची पद्धतसुद्धा तीच. शिवाय विमा नव्हता. तो असता... पण ते दोघं महिनाभर कोणाचं नाव लिहायचं म्हणून हसत-खिदळत बसले होते, आणि तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

डॉक्टरांनी साहजिकच सरकारी नोकरीतल्या शिकलेल्या पुरुषाकडे पाहिलं. "काय करायचं, साहेब?"

खोलीतल्या सगळ्यांनी धम्मदीपकडे माना वळवल्या. त्याने त्या गर्दीतून वाट काढली आणि तो पौर्णिमेच्या बाजूला, किंचित मागे जाऊन उभा राहिला.

"मले नोका विचारू," तो म्हणाला. "यायले विचारा. ह्या म्हणतीन तसं."

मग तो वाट बघत उभा राहिला, जणू त्याच्याकडे सगळा दिवस होता. त्या शांततेत पौर्णिमेला आपला आवाज सापडला.

"नागपूर," ती म्हणाली.

"घरमालकिणीच्या पोराची कार मागवून ठेवली आहे. दारातच उभी आहे," धम्मदीप म्हणाला.

रामाजींनी आपला खांद्यावरचा दुपट्टा काढला, घडी उलगडून कारच्या मागच्या सीटवर अंथरला आणि तसेच बाजूला झाले. पौर्णिमेने बाबांकडे पाहिलं. मग त्या दुपट्ट्यावरच तिने सिरपला ठेवलं.

नागपूरच्या रस्त्यावरचं केळझर मागे पडलं. सिरप इंजेक्शनच्या गुंगीत होता, त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. शेवटी तिनेच विचारलं.

"तू काही बोलला काऊन नाई तिथं?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. मॅडम बोलायची ती दुकानातली शुद्ध भाषाही मागे राहिली होती.

"काय बोलू?"

"तुले काय वाटत होतं? खरं सांग."

"नागपूर. मोटारसायकलवरून येतानाच ठरवलं होतं म्हणून तं गाडी मागितली." त्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं. "पण मी आधी बोललो असतो तं सगळे म्हणले असते, साहेबानं ठरवलं. तू महिनाभर मालकाच्या नावावर अडून बसली, तवाच मले समजलं होतं, याच्यात कायतरी आहे. काय आहे ते माहीत नाई. पण ते तुहं आहे."

मग पौर्णिमेने त्याला राणीची गोष्ट सांगितली. आजवर कुणालाच सांगितली नव्हती, कारण कुत्रीसाठी इतकी वर्षं रडणारी बाई लोकांना हसू आणते. धम्मदीप हसला नाही. त्याने फक्त रस्त्यावरची नजर न काढता एक हात मागे केला, तळवा वर करून. तिने तो धरला आणि बुटीबोरीचा नाका येईपर्यंत सोडला नाही.

ऑपरेशन नीट झालं. पायात प्लेट बसली, गळ्यात प्लॅस्टिकचा मोठा भोंगा आला आणि सिरप देवळीला परतला तेव्हा प्रेमदासपासून कंडक्टरपर्यंत सगळे त्याला बघायला आले. ज्यांनी तीन पायांवर जगते म्हटलं होतं तेच आता ऑपरेशन किती तास चाललं ते इतरांना रंगवून सांगत होते. खर्च दोघांनी मिळून केला आणि त्यावरून मात्र एकदाही भांडण झालं नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दारातून ऊन आत आलं होतं, त्यात सिरप पाय पसरून झोपला होता. काउंटरवर लॅपटॉप उघडा होता आणि स्टुलावर धम्मदीप संत्रं सोलत बसला होता. अर्धं तो खात होता, अर्धं न विचारता तिच्यापुढे ठेवत होता.

विम्याचा शोध नव्याने सुरू करावा लागला होता. पहिल्या कंपनीने प्लेट म्हटल्याबरोबर नकार दिला. दुसरीच्या एजंटने फोनवर आवाज बारीक करून सांगितलं होतं, "मॅडम, पायाचं लिहूच नका ना. कोण पाहायला येते?"

"मी औषधं विकतो भाऊ," पौर्णिमेने त्याला सुनावलं होतं, आणि रागात ती घरच्या वऱ्हाडी बोलीवर गेली होती, जिच्यात बायाही 'विकतो' म्हणतात. "खोट्या कागदावर एक गोळी देत नाही. तुमची पॉलिसी तुम्हालेच ठेवा."

तिसरीने मात्र सरळ उत्तर पाठवलं होतं. विमा देऊ. ताप, आजार, अपघात, सगळं. फक्त मागच्या डाव्या पायाचा कुठलाही खर्च, आता किंवा पुढे, कंपनी देणार नाही.

"म्हणजे तीन पायांचा विमा!" धम्मदीप हसत सुटला. "मी तं कवा ऐकलं नाई असं."

"पण खरं बोलते ना कंपनी? जे देणार नाई ते आधीच सांगते. मले असे लोक आवडते. हीच घेऊ."

"घेऊ."

तिने अर्ज भरायला घेतला. मालकाचा रकाना आला आणि तिची बोटं थांबली. धम्मदीप संत्र्याच्या शिरा काढत होता.

"लिही ना," तो म्हणाला. "तुहंच नाव. त्याच्यावर आता भांडण नाई."

तिने आपलं नाव लिहिलं. खालच्या रकान्यात प्रश्न होता, मालक हजर नसल्यास उपचाराचा निर्णय कोण घेईल. पौर्णिमा त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिली. हा निर्णय दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ नये यासाठीच तर तिने सगळा आटापिटा केला होता... तिने मान वर केली, समोरच्या माणसाकडे नीट पाहिलं, आणि 'धम्मदीप' असं लिहून टाकलं.

त्याचा हात संत्र्यावरच राहिला. "पौर्णिमा, विचार करून लिहिलं ना?"

"तुह्याशिवाय दुसऱ्या कोणाले देणार नाई हा हक्क. बाबालेही नाई." ती थांबली. पुढचा रकाना दिसला होता. "मालकाशी नातं."

"काय पर्याय आहेत?"

"वडील, भाऊ, पती, शेजारी, इतर."

"शेजारी बसते की. एका गल्लीचं तं अंतर आहे."

"शेजाऱ्याले मी साखर देतो, हक्क नाई देत."

"मंग... इतर?"

"इतर म्हणजे कोणीही. तू कोणीही आहे काय?"

धम्मदीपने संत्रं बाजूला ठेवलं, हात पुसले. कान लाल झाले होते, पण नजर तिच्यावरून हलली नाही. "खोटं लिहायचं नाई असं तूच म्हणते. आता 'पती' लिहिलं तं आजच्या तारखेले खोटं होईन."

"होईन तं खरं," ती म्हणाली. "मंग खरं कवा करते, सांग. मी थांबवून ठेवतो अर्ज."

बाहेर एसटीने हॉर्न दिला, सिरपने एक कान हलवला आणि पुन्हा झोपला.

"मले तू आवडतो, धम्मदीप," ती आणखी स्पष्टपणे म्हणाली. "हे लिहायले यांच्या अर्जात जागा नाई, म्हणून तोंडानं सांगून राह्यली."

"मले तं तू तवाच आवडली, जवा त्या दवाखान्यात उठून उभी राह्यली अन् म्हणली, सोडा त्याले." त्याने झोपलेल्या सिरपकडे पाहिलं. "मी सोडणार होतो काय पण? ना त्याले, ना..."

"ना कोणाले? पूर्ण बोल."

"ना तुले."

आता मात्र पौर्णिमा लाजली. काउंटरवरच्या त्याच्या हातावर तिने आपला हात ठेवला, संत्र्याचा वास दोघांच्याही बोटांना लागला होता.

"तुहे बाबा घरी आहेत काय?" त्याने विचारलं.

"आहेत. रविवारी विहारातून येऊन जेवले असतीन. पण तू काय सांगशीन त्यायले? पहिलं वाक्य काय?"

"हेच की... सर, मी..." तो अडखळला. ट्रान्सफॉर्मर जळला तरी न गडबडणारा इंजिनिअर पहिल्याच वाक्याला अडला होता.

पौर्णिमा काउंटरच्या बाहेर आली. सिरपला तिने उठवलं. तो लंगडत उभा राहिला, चौथा पाय जरा जपून टेकवला.

"त्यायले सांग," ती म्हणाली, "कुत्र्याचे तीन पाय कंपनीनं घेतले. चौथा आम्ही दोघायनं घेतला. जलमभर."

आणि तिघं बाहेर पडताच तिने भर दुपारी मेडिकलचं शटर खाली ओढलं.